पाल हा कीटक नव्हे

माझ्याकडे एक निळी फाईल आहे. एका एव्ही रिसीव्हरच्या, म्हणजे घरच्या थिएटरमध्ये टीव्ही आणि स्पीकरांना चित्र-आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीच्या सात जॉबशीट तिच्यात ओळीने लावलेल्या आहेत. पहिल्या दोनांवर ‘नो फॉल्ट फाउंड’. तिसरीवर ‘पार्ट पेंडिंग’. चौथीवर ‘कस्टमर वायरिंग’, आणि ते दुर्दैवाने खरं आहे. पाचवीवर कुणीतरी बॉलपेनने ‘इन्सेक्ट’ लिहिलं होतं, ते खोडलेलं आहे. तो एक शब्द खोडून घ्यायला मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पाऊण तास भांडलो होतो.

कंपनीचं नाव सांगणार नाही. नाव काढलं की ‘आमच्याकडे तोच आहे, दहा वर्षं झाली, काही नाही झालं’ म्हणणारा एकजण भेटतोच, आणि मग आपणच काहीतरी चुकीचं केलं असणार असं वाटायला लागतं. चार वर्षांत तसं वाटून घेण्याचा माझा कोटा संपला आहे.

२०२१च्या दसऱ्याला घेतला. टाळेबंदीत घरात बसून थिएटरची फार आठवण आली होती आणि पगार कापला गेला नव्हता, अशा दोन्ही गोष्टी जुळून आल्या. सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, हॉल अकरा बाय सोळा. बसवायचं होतं ५.१.२, म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर आणि छतात दोन. दुकानदार म्हणाला, ‘सर, माल येतच नाहीये, जो आहे तो घ्या.’ ते काही थापा मारणं नव्हतं. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानात नोबेओकाला ऑडिओ चिपच्या कारखान्याला मोठी आग लागली होती आणि जगभरात चिपचा तुटवडा होता. चौसष्ट हजार मोजले. एक रुपया कमी केला नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५० वॅट’, आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘एकच चॅनल चालवून, १ किलोहर्ट्झला, १० टक्के डिस्टॉर्शन धरून’. म्हणजे एकच स्पीकर, तोही आवाज फाटेपर्यंत ताणून. हे मला घरी आल्यावर दिसलं.

बायकोची एकच अट होती, वायरी दिसता कामा नयेत. म्हणून सुताराकडून काचेच्या दाराचं टीव्ही युनिट करून घेतलं. रिसीव्हर त्यात असा चपखल बसला की वर जेमतेम दोन बोटं जागा राहिली. वरून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवा, असं मॅन्युअलमध्ये चित्र काढून सांगितलं होतं. मॅन्युअल मी वाचलं होतं, सुताराने नव्हतं, आणि दोघांमध्ये त्याचा आवाज मोठा होता.

पहिले आठ महिने स्वर्ग. आईने तर पहिल्याच दिवशी छताकडे बघून विचारलं, ‘अरे, वरच्यांकडे काही पडलं का?’ त्या एका प्रश्नात माझे सगळे पैसे वसूल झाले होते.

जून २०२२मध्ये पहिल्यांदा पडदा काळा झाला. दोन सेकंद चित्र नाही, आवाज नाही. मग दोन्ही परत, जणू काही झालंच नाही. आठवड्याने पुन्हा, मग रोज. मुलगा म्हणाला, ‘बाबा, हँडशेक जातोय.’ एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल. तिच्या दोन टोकांची यंत्रं आधी एकमेकांची ओळखपत्रं तपासतात. चित्राची चोरी होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, त्याच्या किल्ल्या जुळल्या की मगच चित्र सुटतं. मध्ये क्षणभर संपर्क तुटला की सगळी तपासणी पहिल्यापासून. म्हणजे तुटतो एक क्षण, पण आपल्याला अंधार दिसतो दोन-तीन सेकंद.

साहजिकच पहिला संशय केबलवर. बदलली. मग दुसरी बदलली. तिसरी केबल मी साडेचार हजारांना घेतली, दोन मीटर, वर कापडी वेणी घातलेली. ही किंमत घरात आजपर्यंत कुणाला माहीत नाही.

सर्व्हिसवाला मुलगा आला, चाळीस मिनिटं बसला, चहा प्याला, यंत्र एकदाही हललं नाही. दाढदुखी दवाखान्याच्या पायरीवर थांबावी तसं. ‘सर, काहीच प्रॉब्लेम नाहीये. अर्थिंग आहे ना?’ अर्थिंग होतं. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घेतला, दोन व्होल्टच्या आत आला. मे-जूनमध्ये आमच्याकडे सप्लाय २०५ ते २४५ असा हेलकावे खातो, म्हणून स्टॅबिलायझरही लावला. तो मधूनच टक् टक् करायचा, आणि शांत प्रसंगात ते बरोबर ऐकू यायचं. नंतर काढून टाकला.

दुसरी खेप, दुसरा मुलगा, तोच निकाल. दीड तास बसा अशी मी त्याला अक्षरशः गळ घातली, पण त्याच्या फोनवर अजून सहा कॉल बाकी होते. त्याचंही बरोबर होतं.

मग मी वही घातली. नोकरी अशी आहे की नोंद केल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. ‘१९ जून, रविवार. सुरू ४.१०. पहिला काळा पडदा ५.२८. नंतर ५.३१, ५.४४.’ अशी तीन आठवडे. कोविडमध्ये सोसायटीच्या गेटवर कपाळ मोजायला आणलेली तापमानाची बंदूक कमिटीच्या कपाटात पडून होती, ती मागून आणली. तिला कपाळाव्यतिरिक्त पृष्ठभाग मोजायचाही मोड असतो. रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर धरली तर ५८ अंश. चित्र उघडं पडलं. थंड असताना यंत्र गुणी बाळ, सव्वा तासाने तापलं की तंत्र सुरू. चाळीस मिनिटं बसणाऱ्या माणसाला ते कधीच दिसणार नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तो येण्याआधी दोन तास मी यंत्र सुरू करून, काचेचं दार लावून ठेवलं. तो आला, सोफ्यावर बसला आणि पडदा काळा झाला. आपल्याच घरातली वस्तू बिघडल्याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता. त्याने मोबाईलवर शूटिंग केलं, ‘एचडीएमआय बोर्ड’ म्हणाला आणि दहा किलोचं ते धूड घेऊन गेला. मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलमध्येच पाहिजे, ही त्यांची अट. नशीब, खोका माळ्यावर होता.

बोर्ड यायला ४७ दिवस लागले. गणपती विनाआवाजाचे गेले, म्हणजे आमच्या हॉलमधले. बाहेर मंडळाचा भोंगा होता आणि त्यामागचा जुना अँप्लिफायर दहा दिवस ताडपत्रीखाली, भर पावसात, एकदाही बंद न पडता चालला. मी रोज जाता-येता त्याच्याकडे बघायचो.

१३ सप्टेंबरला रिसीव्हर परत आला. मी युनिटच्या पाठीला भोकं पाडून घेतली, कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा लावला, काचेचं दार काढून ठेवलं. बायको काही बोलली नाही, पण दार दोन महिने पलंगामागे दिसेल असं ठेवलं होतं.

चौथी जॉबशीट पटकन सांगून टाकतो. नव्या बोर्डानंतर दहा दिवसांत यंत्र आवाज वाढवला की खट् करून बंद पडायला लागलं, लाल दिवा लुकलुकायचा. मी फोनवर नको ते बोललो. त्यांच्या माणसाने येऊन मागचं झाकणही न उघडता बोट दाखवलं. डाव्या स्पीकरच्या वायरीची एक तार, केसाएवढी, शेजारच्या टर्मिनलला चिकटली होती. शॉर्ट दिसला की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं, त्याला प्रोटेक्शन मोड म्हणतात. यंत्र शहाणं होतं, वायर मी लावली होती. ‘कस्टमर वायरिंग’. सही केली. ती सही पुढे मला फार महागात पडणार होती.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर शांतता. ऑगस्ट २०२३मध्ये यंत्र मधूनच गोठायला लागलं. रिमोट चालत नाही, बटणं चालत नाहीत, भिंतीचा स्विच बंद करून चालू करायचा. पुन्हा खोका, पुन्हा थर्माकोल, पुन्हा रिक्षा. दोन दिवसांनी फोन आला, ‘सर, तुमच्या सेटमध्ये इन्सेक्ट निघालेत, वॉरंटी बसणार नाही.’

गेलो. काउंटरवर कागदाच्या पुडीत त्यांनी जपून ठेवलं होतं. पालीची दोन अंडी. रिकामी टरफलं, शेंगदाण्याएवढी. उबदार, अंधारी जागा, वर मी पाडलेली भोकं. पालीने बाळंतपणासाठी याहून चांगली खोली पुण्यात कुठे शोधायची?

वॉरंटीच्या अटींमध्ये खरोखरच ‘कीटकांमुळे झालेलं नुकसान’ वगळलेलं होतं. मी तो कागद मागितला, दोनदा वाचला आणि म्हणालो, ‘पाल हा कीटक नव्हे.’

‘सर, तेच ते.’

‘तेच ते नाही. कीटकाला सहा पाय असतात. पाल सरपटणाऱ्या प्राण्यांत येते. तुमच्या कागदावर सरपटणारे प्राणी लिहिलेले नाहीत.’

मागे रांगेत मिक्सर घेऊन उभ्या असलेल्या आजोबांनी ‘बरोबर आहे’ असं मोठ्याने सांगितलं. मॅनेजरला बोलावलं. मी विचारलं, अंडी होती कुठे? तळाच्या पत्र्यावर, ट्रान्सफॉर्मरच्या मागे. बोर्डावर डाग आहे का? नाही. काही जळलंय का? नाही. मग अंड्यांनी केलं काय? पाऊण तासाने शब्द खोडला गेला. त्यांनी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, नव्याने टाकलं, फॅक्टरी रीसेट मारला आणि यंत्र परत दिलं. रीसेटमध्ये सगळ्या सेटिंग उडाल्या. म्हणजे पुन्हा माइक लावून सगळ्या स्पीकरांची मोजणी, आठ वेगवेगळ्या जागी, घरात टाचणी पडली तरी चालणार नाही अशा शांततेत. सहाव्या जागेला शेजारच्या कुकरने शिट्टी दिली आणि यंत्राने ‘आवाज फार आहे’ म्हणून सगळं पहिल्यापासून मागितलं.

वॉरंटी दोन वर्षांची, ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चित्र गेलं ते परत आलंच नाही. सहावी जॉबशीट, पुन्हा एचडीएमआय बोर्ड. एस्टिमेट २८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, ३३,६३०. नव्या बोर्डाची वॉरंटी किती? नव्वद दिवस. चौदा महिन्यांत गेलेल्या वस्तूच्या जागी तीच वस्तू, अख्ख्या रिसीव्हरच्या निम्म्या किमतीला, तीन महिन्यांच्या भरवशावर. मी विचार करून सांगतो म्हटलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, तक्रार नोंदवली. हे काम खरंच सोपं आहे. तक्रार क्रमांक आला आणि आठवड्याभरात, वर्षभर फोन न उचलणाऱ्या कंपनीकडून एका अतिशय गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला. मजुरी माफ, पार्टवर वीस टक्के सूट. मी तयार झालो. दोन महिन्यांनी सातवी जॉबशीट, ‘पार्ट डिस्कंटिन्यूड’. त्याऐवजी नवीन मॉडेलवर एक्स्चेंजची सूट घ्या म्हणाले. दोन वर्षांपूर्वी नवा म्हणून विकलेल्या यंत्राचा पार्ट मिळत नाही, आणि उपाय काय, तर त्यांच्याचकडून आणखी एक यंत्र. त्या बाईंवर मी चिडलो नाही. त्यांचा तो धंदा नव्हे.

जिल्हा ग्राहक आयोगात जावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पाच लाखांपर्यंत फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, दोन वर्षांची मुदत असते. मसुदा लिहिला, जॉबशीट तारखेप्रमाणे लावल्या आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या नजरेने वाचून पाहिल्या. ‘दोष नाही. दोष नाही. ग्राहकाची वायर.’ खाली माझी ठसठशीत सही. पाचवीवर खोडाखोड. दोष पाहून कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिथेही सव्वा तास चालवून बघा, हे सांगायला कुणाला बसवणार? मसुदा फाईलमध्ये आहे. दाखल केला नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, तारखांना जायचा कंटाळा केला.

शेवटी तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या त्या बोळात, एका जिन्याखाली, टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करणारे एक काका बसतात. साठीचे, डोळ्याला भिंग लावलेले. मी वही, तापमान, सगळं सांगायला लागलो तर म्हणाले, ‘साहेब, आधी उघडू द्या.’

उघडल्यावर ते बराच वेळ नुसते बघत बसले. मग स्क्रू-ड्रायव्हरने खाली दाखवलं. ‘हा ट्रान्सफॉर्मर बघा. हीटसिंक बघा. एक नंबर माल. ह्याला अजून वीस वर्षं काही होत नाही. हे वरचं जे आहे ना, एचडीएमआय, नेटवर्क, हे बिऱ्हाड नंतर आलंय. मालक ठणठणीत आणि बिऱ्हाडकरू सारखा आजारी.’

वरच्या बोर्डाच्या सप्लायजवळचे चार कंडेन्सर, वीज साठवणारे छोटे डबे, डोक्यावर फुगलेले होते. ‘हे पंच्याऐंशी डिग्रीचे. ह्यांचे तास ठरलेले असतात. दहा डिग्री वाढली की आयुष्य अर्धं.’ मग एकदम विचारलं, ‘रात्री बंद करता का?’

‘करतो की. रिमोटने.’

‘म्हणजे झोपवता. बंद नाही करत.’

घरी येऊन मी हिशोब मांडला. ८५ अंशाला २,००० तास चालणारा कंडेन्सर ६५ अंशाला ८,००० तास चालेल. रोजचे चार तास धरले तर पाच वर्षं सहज. पण मी एक सेटिंग चालू ठेवली होती. रिसीव्हर बंद असतानाही सेटटॉप बॉक्सचं चित्र आणि आवाज त्याच्या पोटातून टीव्हीकडे जातो, त्यासाठी. आईला मालिका बघताना दोन रिमोटची भानगड नको म्हणून. त्या सेटिंगमुळे अँप्लिफायर झोपायचा, पण एचडीएमआय बोर्ड चोवीस तास जागा. वर्षाचे तास होतात ८,७६०. झोपेत तो तेवढा तापत नसणार हे कबूल, पण सकाळी सहाला जाळीवर हात ठेवला की कोमट लागायचं, आणि मी ते दोन वर्षं रोज धूळ पुसताना अनुभवलं होतं. वहीत एकदाही लिहिलं नव्हतं, कारण मी नोंद फक्त यंत्र ‘चालू’ असतानाची ठेवत होतो.

सेटिंग नेमून दिल्यासारखी वापरली, चूक नाही केली, असं मला अजूनही वाटतं. मॅन्युअलमध्ये ती सोय म्हणून दिली आहे. जी सोय वापरली की बोर्ड शिजतो, तिच्यापुढे एक ओळ लिहायला काय जातं? आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

काकांनी १०५ डिग्रीचे कंडेन्सर टाकले, अठराशे घेतले. पाच आठवडे चित्र आलं. मग पुन्हा काळोख. या वेळी ते म्हणाले, मोठ्या चिपच्या पोटाखाली सोल्डरचे बारीक गोळे असतात, तापून-निवून त्यांना तडे गेलेत. ‘पूर्वी कथलात शिसं असायचं, मऊ असायचं.’ युरोपने १ जुलै २००६पासून शिशाला मनाई केली आणि जगभर बिनशिशाचं सोल्डर आलं, हे मी नंतर वाचलं. ते पर्यावरणासाठी योग्यच आहे. ‘ब्लोअर मारून बघतो, पण शब्द देत नाही,’ म्हणाले. तीन आठवडे चाललं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी यंत्र उघडलंसुद्धा नाही. ‘उगाच तुमचे पैसे घेत नाही. एचडीएमआय विसरा. अँप्लिफायर म्हणून वापरा, मजा येईल.’

तसंच चालू आहे. सगळ्या वायरी आता थेट टीव्हीला, आणि टीव्हीतून एकच ऑप्टिकल केबल रिसीव्हरला. ऑप्टिकलमधून ५.१च्या पुढे काही जात नाही, अॅटमॉस, म्हणजे छतातल्या स्पीकरांसाठीचा खास आवाज, गेलं. छतातल्या स्पीकरांना रिसीव्हर स्वतःच अंदाजाने थोडा आवाज वाटून देतो. मेनू टीव्हीवर दिसत नाही, पुढच्या पट्टीवर एकेक ओळ वाचत सेटिंग करावी लागते. यंत्र उघड्या स्टुलावर आहे, रात्री भिंतीचा स्विच बंद. दीड वर्ष झालं, एकदाही गोठलं नाही. परवा वसंतरावांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं, दोनच स्पीकरांवर, आणि काकांचं खालच्या मजल्याविषयीचं म्हणणं अगदी खरं निघालं. आई पूर्ण वेळ ऐकत बसली होती. वर एकदाही बघितलं नाही.

खोक्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दिवाळीच्या आवराआवरीत बायकोने तो माळ्यावरून उतरवला. थर्माकोलचं निदान मखर तरी झालं असतं, पण २०१८पासून राज्यात त्यावरही बंदी. ‘आता कुठे न्यायचंय का त्याला?’ तिने विचारलं. न्यायचं कुठेच नव्हतं, पण माझ्याच्याने हो म्हणवेना. शेवटी तिने खोक्यात रजया भरल्या. थर्माकोलचे दोन तुकडे मी गच्चीच्या जिन्याखाली नेऊन ठेवले आहेत आणि त्यावर मार्करने लिहिलं आहे, ‘टाकू नये.’